वैशाखऱ्याच्या माळावरचा गोळा

आमच्या फिजिक्सच्या सरांसमोर ‘लहान’ हा शब्द काढायची सोय नव्हती. “लहानसं काम होतं, सर,” असं कुणी म्हटलं की ते चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, “लहान? कशाच्या मानाने?” आणि उत्तर मिळेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. प्राचार्यांना हे पक्कं ठाऊक होतं, तरी मीटिंगमध्ये त्यांच्या तोंडून तो शब्द जायचाच. एकदा ते म्हणाले, “आपलं कॉलेज लहान, मुरबाडसारखं ठिकाण...” झालं. शिपाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभा, सगळे घड्याळाकडे बघताहेत, आणि हे शांतपणे सांगताहेत की कुठलीही वस्तू आपणहून लहान नसते की मोठी नसते. तिच्यावर येऊन आदळणारी लाट किती लांब आहे, त्यावर ते ठरतं. मी पडले मराठीची. मला लाट म्हटलं की समुद्र आठवतो. मी ट्रेमधला एक कप उचलला आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसले.

सर वाशिंदचे, मी शहापूरची. ते सकाळी वाशिंदहून शहापूरला यायचे आणि तिथून आम्ही एकाच एसटीने किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला जायचो. इतकी वर्षं एका बाकावर बसून माणूस कळतो म्हणतात. मला निम्मा कळला असेल. उंच अंगकाठी, खांदे पुढे आलेले, शर्टाची बटणं कायम एक घर चुकलेली. चूक दाखवली तर “असू दे, कुणाचं अडलंय?” म्हणायचे आणि दिवसभर तशीच मिरवायचे. डबा मात्र नेमका. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. घाई असली की बसमध्येच उघडायचे आणि सगळ्या बसला वास लागायचा. कंडक्टर म्हणायचा, “सर, मुरबाड येऊ द्या, का आमचा उपास मोडताय.” मग ते खरंच झाकण लावायचे आणि कंडक्टरची माफी मागायचे. चेष्टा कळायचीच नाही माणसाला.

गोल वस्तू दिसली की त्यांचं भान हरपायचं. सरळगावला एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. पंगतीत यांनी बुंदीचा लाडू पानातून उचलला आणि उजेडाकडे धरून सावकाश फिरवायला लागले. वाढपी बिचारा घाबरला. “सर, काय निघालं का लाडवात?” “नाही हो,” सर म्हणाले, “गोल नाहीये फारसा.” आणि खाऊन टाकला. मी पदर तोंडाला लावून हसले, पण मुलीच्या बापाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

आमचं खरं भांडण असायचं ते उपमेवरून. मी वर्षभर पोरांना अलंकार शिकवणार, आणि हे गृहस्थ मला सांगणार, “बाई, तुम्ही ‘जसं’ म्हटलंत की मी ऐकणं बंद करतो. लाट लाटेसारखी असते. दुसऱ्या कशासारखी नसते.” माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. एकदा म्हटलं, “मग माझ्यासारखीला कळायचं कसं? की कळूच नये अशी तुमची इच्छा आहे?” त्यावर ते किन्हवली येईपर्यंत गप्प बसले. मला वाटलं रुसले. पण किन्हवलीचा स्टँड मागे पडला आणि एकदम सुरुवात झाली.

“हे बघा. रेडिओची लाट येते. मोबाइलची तीच, सगळी एकाच घराण्यातली. वाटेत धातूचा एक गोळा आहे. धातूत वीज मोकळी असते. लाट आली की ती वीज गोळ्यातल्या गोळ्यात इकडून तिकडे डोलायला लागते. आणि डोलणारी वीज स्वस्थ बसत नाही, ती स्वतः नवी लाट सोडते. म्हणजे गोळा नुसता आडवा येत नाही. तो बोलतो.”

“ही चेतनगुणोक्ती झाली, सर,” मी म्हटलं. “निर्जीव वस्तू बोलते म्हणजे अलंकारच.”

त्यांना ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढल्या चढल्या म्हणाले, “बोलतो हा शब्द मागे घेतो. लाट सोडतो असं म्हणा.” पण पुढे त्यांच्याही नकळत तोच शब्द येत राहिला, आणि मीही मग टोकणं सोडून दिलं.

तर त्या गोळ्याचं त्यांना एवढं काय होतं, ते सांगते. मला कळलं तेवढंच सांगते. लाटेच्या मानाने गोळा बराच लहान असला की तो चहूकडे सारखा बोलत नाही. लाट जिकडून आली तिकडे, म्हणजे मागे, भरपूर परत पाठवतो. पुढे अगदी थोडी. पुढे एक पट तर मागे नऊ पट. आणि एक कोन असा आहे, साठ अंशांचा, की लाट आडवी डोलत असेल तर त्या कोनात गोळा काहीच पाठवत नाही. थोडं नाही, कमी नाही, शून्य. ती शांतता सरांना स्वतःच्या यंत्राने एकदा ऐकायची होती. आयुष्यात दुसरं काही मागितलं नाही त्यांनी. पगारवाढ नाही, पद नाही, डॉक्टरेटही नाही.

“पुस्तकात आहे ना हे?” मी विचारलं.

“आहे की. फार जुनं आहे. कुणीतरी केव्हाच सिद्ध करून ठेवलंय.”

“मग?”

“मी पाहिलेलं नाहीये,” ते म्हणाले. “दर वर्षी मी फळ्यावर लिहितो, साठ अंशाला शून्य. पोरं उतरवून घेतात. आजवर एकानेही विचारलं नाही की सर, तुम्ही बघितलंय का. पण कुणी विचारलं तर?”

हे बोलताना त्यांचा आवाज असा काही उतरला की मला पुढे थट्टा करवली नाही.

गोळा त्यांनी कल्याणच्या एका तांबटाकडून करून घेतला होता. संत्र्याएवढा, आतून पोकळ, बाहेरून सांधा दिसू नये असा. तांबट म्हातारा होता आणि तऱ्हेवाईकपणात सरांचा भाऊ शोभेल असा. त्याने ते काम किती रखडवलं त्याला गणती नाही, आणि शेवटी देताना म्हणाला, “साहेब, परत असलं काही मागू नका.” पुढच्याच वर्षी तो गेला आणि दुकान बंद झालं. म्हणून गोळा एकच होता. सर तो माकडटोपीत गुंडाळून पिशवीत ठेवायचे, आणि पिशवी मांडीवर. उन्हाळ्यातसुद्धा माकडटोपी बाळगणारा माणूस म्हणून बसमधल्या बाया त्यांच्याकडे टकमक बघायच्या.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांनी आधी खूप धडपड केली. अडचण अशी की गोळ्याकडून येणारी लाट फार क्षीण. आणि खोलीतली प्रत्येक वस्तू आपापली लाट परत पाठवते. भिंती, कपाटं, खिडक्यांचे गज. त्या गलक्यात गोळ्याचं काही ऐकू येत नाही. मग यांनी कपाटं बाहेर काढली. टेबलं काढली. शेवटी छताचे पंखे उतरवले, तेही ऐन एप्रिलमध्ये, परीक्षा तोंडावर असताना. पोरं घामाने निथळताहेत. प्राचार्य तणतणत आले. “सर, पंखे कुठे गेले?”

“बाहेर ठेवलेत,” सर म्हणाले. “ते बोलतात.”

ही गोष्ट मुरबाड तालुक्यात कुणाकुणाला माहीत नाही ते विचारा. भाजीवालीसुद्धा मला म्हणाली होती, “मॅडम, तुमच्याकडल्या सरांशी पंखे बोलतात म्हनं.” मी तिला काय सांगणार, कप्पाळ माझं. पंखे परत चढले आणि सरांना समज मिळाली. ती त्यांनी निमूट ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून मोकळी जागा शोधायला लागले.

सुट्टीच्या दिवशी ते नुसते भटकायचे. भातसानगरचं मैदान बघून आले, तिथे विजेच्या तारा. शहापूरच्या मागची टेकडी बघितली, तिथे टॉवर. शेवटी माळशेजच्या रस्त्यावर वैशाखऱ्याला उतरून वर चढलं की एक सपाट माळ लागतो, तो त्यांना सापडला. ना तार, ना खांब, ना पत्र्याचं छप्पर. एका कडेला डोंगरातल्या लोकांची एक वाडी, सगळी कौलं नाही तर गवत. सोमवारी बसमध्ये आले तेव्हा चेहरा असा उजळलेला की मी थट्टेने विचारलं, “लग्नबिग्न ठरलं का मुलीचं?” “मुलगी कुठेय मला,” म्हणाले. “जागा मिळाली, बाई.”

ते त्यांचं नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. मेअखेर निवृत्ती. यंत्र कॉलेजचं, लाट सोडणारं आणि लाट पकडणारं असं जोडीचं, आणि निवृत्त होताना ते परत करायचं होतं. म्हणजे दिवाळीनंतर पावसापर्यंत जे काय करायचं ते. रविवारी यंत्र, बॅटरी, लाकडी तिवया आणि ती माकडटोपी असा संसार घेऊन ते माळावर जायला लागले. दोन बांबू रोवले, मधे नायलॉनचा दोरा बांधला आणि त्याला गोळा टांगला.

आता एक नीट समजून घ्या, कारण सगळं घोडं इथेच अडलं. माळ मोकळा असला तरी जमीन होती, बांबू होते, लांबवर झाडं होती. तीही थोडी थोडी लाट परत पाठवतातच. म्हणून मोजणी दोनदा करायची. एकदा गोळा टांगलेला असताना, आणि लगेच गोळा उतरवून, बाकी सगळं जिथल्या तिथे ठेवून. दुसरं पहिल्यातून वजा केलं की उरलं ते गोळ्याचं. त्या वजाबाकीशिवाय पहिल्या मोजणीला काही अर्थ नाही. पहिले काही रविवार तिवया सरळ करण्यात आणि बॅटरीशी झगडण्यात गेले. मग एका रविवारी गोळ्यासकटची मोजणी झाली. आता गोळा उतरवायचा, म्हणून सर बांबूकडे गेले, आणि मधे बुधीबाई आली.

बुधीबाई त्याच वाडीवरची. नवरा केव्हाच गेलेला, एकच मुलगी मंगली. दिवाळी झाली की त्या वाडीतली हातीपायी धड असलेली सगळी माणसं वीटभट्ट्यांवर जातात. मंगलीही नवऱ्याबरोबर पार गुजरातेत गेली होती. म्हातारीकडे बटणांचा एक फोन होता. वाडीत रेंज नाही. माळाच्या कडेला पळसाखाली एक शिळा आहे, तिच्यावर उभं राहिलं तर आली तर आली. मंगली रविवारी फोन लावायची, आणि बुधीबाई त्या शिळेवर येऊन बसायची. लागला तर लागला, नाहीतर अंधार पडायच्या आत परत.

सरांनी गोळा टांगला त्याच दरम्यान तिचा फोन नीट लागायला लागला. पोरीचा आवाज खणखणीत, मधे तुटणं नाही. म्हातारीने ठरवून टाकलं की हा गोळ्याचा गुण, आणि त्या रविवारी तिने तो उतरवूच दिला नाही. पुढच्या रविवारी सर गेले तर गोळ्याला हळदकुंकू लावलेलं, खाली नारळ. सोमवारी बसमध्ये हे रागाने लाल. “हळद लावली हो, बाई. पृष्ठभाग खराब झाला.” मला हसू आवरेना. पण पुढचं ऐकून हसू गेलं. बुधीबाईने नवस बोलला होता. पोर भट्टीवरून सुखरूप घरी येईपर्यंत गोळा हलवायचा नाही. बसवलेला घट मधेच कुणी हलवतं का, तसंच हे. आणि उतरवून परत टांगतो म्हटलं तर तेही चालणार नाही, नवस मोडला तो मोडलाच.

“अहो, मग सांगा तिला समजावून,” मी म्हटलं.

“सांगितलं. गोळ्यामुळे नाही, पानं गळली म्हणून लाट येतेय, हे सांगितलं. गोळा मागेच जास्त पाठवतो, वाडीकडे तर कमीच, हेही सांगितलं. साठ अंशांचंही सांगितलं.”

“कप्पाळ. तिला कशाला साठ अंश?”

“तिने ऐकून घेतलं,” ते म्हणाले. “मान डोलावली. भाकरी दिली. आणि म्हणाली, असंल सर, पन गोळा राहू दे.”

असे किती रविवार गेले. दर रविवारी सर जायचे, यंत्र मांडायचे, गोळ्यासकट मोजायचे, मग बुधीबाईशेजारी बसून तिला पहिल्यापासून सगळं समजवायचे, आणि मोजणी अर्धी टाकून परत यायचे. मला त्यांचा राग यायला लागला. मी म्हटलं, “ती खाली वाडीत जाते की नाही कधी? मग उतरवा, मोजा, परत टांगा. तिला कळणारसुद्धा नाही.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच खजील झाले. “चोरून घेतलेलं रीडिंग मी कुणाला दाखवू?”

फाल्गुनात एका रविवारी मीच त्यांच्याबरोबर गेले. म्हटलं, सरांच्या जिभेला धार नाही, माझ्या आहे. ऊन चढलेलं होतं, पळस फुलला होता, आणि दोन बांबूंच्या मधे तो गोळा हळदीने पिवळाजर्द होऊन लोंबकळत होता. बुधीबाई शिळेवर बसलेली. काटकुळी, गुडघ्यावर लुगडं, हातात फोन. सरांना बघून उठली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. सर पाणी प्यायले, तिच्या शेजारी टेकले, आणि माझ्यादेखत सुरू झाले. वीज कशी डोलते, लाट मागे का जास्त जाते. दगडाने जमिनीवर वर्तुळ काढलं, बाण काढले. म्हातारी गालाला हात लावून ऐकत होती. मी इतकी वर्षं वर्गात उभी राहते, पण असं ऐकणारं पोर मला क्वचित मिळालं.

मला मात्र धीर धरवेना. “आजी,” मी म्हटलं, “सरांनी तुमच्यापाशी काय मागितलंय? घटकाभर गोळा उतरवायचा. त्यांचं आयुष्यभराचं काम आहे हे. मेमध्ये नोकरी संपली की यंत्र जाईल. मग ते जन्मात होणार नाही. तुम्हाला एवढी दया येऊ नये?”

बुधीबाईने तांब्या उचलून बाजूला ठेवला. “खरं हाय, बाय,” ती म्हणाली. “पन पोर येऊ दे.”

“आणि नाही आली मेपर्यंत तर?”

“बाई, पुरे,” सर म्हणाले. मला असं तोडून ते पहिल्यांदाच बोलले. मग तिने वाडीत जाऊन भाकरी आणि उडदाचं पिठलं आणलं, ते आम्ही तिघांनी शिळेवर बसून खाल्लं. फोन त्या दिवशी आलाच नाही. मी उतरताना सबंध वाट त्या म्हातारीला बोल लावत होते, आणि सर पुढे चालत होते. एवढंच म्हणाले की तिला एकुलती एक पोर आहे.

मे संपला. मंगली आली नव्हती. निरोप समारंभ झाला, शाल झाली, श्रीफळ झालं. प्राचार्य भाषणात म्हणाले की सरांचं एक लहानसं स्वप्न... आणि आम्ही सगळे सरांकडे बघायला लागलो. सरांनी ‘कशाच्या मानाने’ असं विचारलं नाही. चष्मासुद्धा वर केला नाही. यंत्र त्यांनी स्वतः पुसून, खोक्यात भरून, सही करून परत केलं. गोळा तेवढा माळावर राहिला. स्टँडवर मी विचारलं, “वाईट वाटतंय का हो?” मला वाटलं, म्हणतील असू दे, कुणाचं अडलंय.

“खूप,” ते म्हणाले. “फार वाईट वाटतंय, बाई.”

निवृत्तीनंतर काही दिवसांतच मंगली आल्याचं कानावर आलं. पण तोवर पाऊस लागला होता. सर म्हणाले, थंडी पडली की प्राचार्यांकडे एका रविवारापुरतं यंत्र मागू. मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा, नाही कसं म्हणतात बघते. प्राचार्यांनी हो म्हटलंही होतं. पण आश्विनात एके दिवशी वाशिंदला भाजी आणायला गेलेले सर बाजारात खाली बसले ते उठलेच नाहीत. मी गेले होते वाशिंदला. त्यांना घातलेल्या शर्टाची बटणं सरळ लावलेली होती, आणि ते बघून मला हुंदका आवरला नाही.

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं. एका सकाळी शिपाई स्टाफरूममध्ये आला. “मॅडम, डोंगरावरची कोन म्हातारी आलीय. फिजिक्सच्या सरांना भेटायचं म्हनते. मी काय नाय सांगितलं तिला. तुमीच बघा.”

व्हरांड्यातल्या बाकावर बुधीबाई बसली होती. मांडीवर धुतलेल्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं. मला बघून तिने ओळखलं आणि फडकं सोडलं. चिंचेने घासघासून लख्ख केलेला गोळा होता. हळदीचा डाग कुठे शोधून सापडला नसता.

“मंगली परवा भट्टीवर गेली,” ती म्हणाली. “थंडी पडली. म्हटलं सरांचा आता यायचा टाइम झाला. गोळा मीच उतरवला. त्यांना म्हना, ते बिनगोळ्याचं माप घ्या आता. आन् मग गोळा टांगून बी घ्या, उतरवून बी घ्या, किती वेळा पायजे तितकं. मी आडवी येनार नाय.”

माझ्या मनात तिच्याबद्दलची अढी तशीच होती, खोटं कशाला सांगू. पण सांगायचं मलाच होतं. मी शेजारी बसले आणि सांगितलं. तिचे हात गोळ्यावर होते. पोरं वर्गातून वर्गात चालली होती, त्यांचा गलका होता, आणि ती काही ऐकत नव्हती.

मग म्हणाली, “नवस बिवस काय नव्हता, बाय.”

“म्हणजे?”

“मी कुटला नवस बोल्ले नव्हते. सरांना तसं सांगितलं.” तिने फडक्याची घडी सरळ केली. “गोळ्यानं रेंज येत नाय, ते मला पयल्याच दिशी पटलं व्हतं. सर कशाला खोटं बोलतील? पन माप झालं असतं तर ते परत वर कशाला आलं असतं? दिवाळी झाली की वाडीत आमी चार म्हातारी. कोन कोनाशी बोलत नाय, बोलायला हायच काय. सर यायचं, बाजूला बसायचं, माज्या हातची भाकर खायचं, दिवस मावळतीला लागेस्तवर बोलायचं. मला त्यातलं काय बी कळायचं नाय. पन माज्याशी बोलायचं. पोर आली तरी मी गोळा काढला नाय. म्हटलं हा हाय तवर सर येतील. पन पावसाळा सरला तरी आलं नाय, मग मीच घेऊन आले.”

तास सुरू झाल्याची घंटा झाली. माझाच तास होता, मी उठले नाही.

“त्यांचं काम राह्यलं का?” तिने विचारलं. “माज्यापायी?”

‘नाही’ माझ्या ओठांवर आलं होतं. पण ती सरांबद्दल विचारत होती, आणि सरांनी तिला कधी गोड लागावं म्हणून काही सांगितलं नव्हतं.

“हो,” मी म्हटलं. “राहिलं.”

तिने मान हलवली. गोळा फडक्यात परत गुंडाळला, गाठ मारली, आणि माझ्या मांडीवर ठेवला.

“मला सरांनी नुसतं इचारलं असतं ना, ‘बुधे, खरं काय हाय?’, तर मी सांगितलं असतं, बाय,” ती म्हणाली. “समजवायचं लय. इचारलं कवाच नाय.”